‘बघू’ला आवक क्रमांक

गवंड्याच्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात, थापी आणि ओळंबा. थापी गवंड्याचं ऐकते. ओळंबा कुणाचंच ऐकत नाही. दोरीच्या टोकाला बांधलेलं ते पितळी वजन भिंतीलगत सोडलं की थोडा वेळ डोलतं, मग थांबतं, आणि थांबलं की जे आहे ते दाखवतं. भिंत कुणाची आहे, गवंडी किती दमलाय, मालक दारात उभा राहून घाई करतोय का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

माझे मेहुणे गवंडी होते. आपल्या एकुलत्या एका मुलीला ते ओळंबा म्हणायला लागले तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरी पाहुणे आले होते. माझी बहीण, तिला सगळे आक्का म्हणतात, रीतीप्रमाणे म्हणाली, "लाजू नका हं, हे घर आपलंच समजा." पोरगी उठली. पाहुण्यांचा हात धरून तिनं त्यांना पाण्याची टाकी दाखवली, अंथरुणं दाखवली, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही तेही दाखवलं, आणि परत येऊन आईला विचारलं, "मग आता आपण कुठं राहायचं?"

पाहुणे पोट धरून हसले. पोरगी हसली नाही. तिनं आपली पिशवी भरायला घेतली होती.

"हा माझा ओळंबा आहे," मेहुणे म्हणाले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

डॉक्टरांनी दुसरं नाव सांगितलं होतं, स्वमग्न. मेहुण्यांना ते पटलं नाही. "स्वतःत मग्न? ही? अहो, न्हाणीघराची फरशी अर्ध्या बोटानं कललीय हे घरात एकट्या हिला कळलं. मी गवंडी असून मला कळलं नाही. मग्न तर मी होतो." पण शब्द पटला नाही तरी कागद जपून ठेवला. गवंड्याला माहीत असतं, कुठली वीट कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

ओळंबा शिकली, पदवीधर झाली, आणि कापडाच्या दुकानात लागली. तिथं तिनं गिऱ्हाइकाला सांगितलं, "हा रंग जातो. मालकांनाही माहीत आहे." चौथ्या दिवशी घरी. मग एका छापखान्यात लागली. तिथं यंत्राचा आवाज तिच्या कानातून डोक्यात आणि डोक्यातून दातांत जायचा. नवव्या दिवशी ती स्वतःच घरी आली, दोन्ही तळवे कानांवर ठेवून, भर रस्त्यानं चालत. त्यानंतर अकरा वर्षं ती घरात होती. त्या अकरा वर्षांत मेहुणे गेले. ओळंबा रोज सकाळी उठून डबा भरायची, चपला घालायची, जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत जायची आणि तिथं बसायची. बरोबर एक वाजता डबा उघडून खायची. पाच वाजता वर यायची. आक्का मला म्हणायची, "अरे, तिला कुठंतरी जायचं असतं रे. फक्त ते 'कुठंतरी' अजून बांधून झालेलं नाही."

मग सरकारनं ठरवलं की प्रत्येक सार्वजनिक कचेरीत अशा माणसांना काम द्यायचं. परीक्षा झाली. जपलेला कागद उपयोगी पडला. पस्तिसाव्या वर्षी माझी भाची नगरपालिकेत आवक-जावक विभागात लागली, दोन वर्षांच्या चाचणीवर. नेमणुकीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. दोन वर्षं पूर्ण होतील त्या दिवसापर्यंत कायम केल्याचा आदेश निघाला नाही, तर नेमणूक आपोआप संपेल. ती ओळ आम्ही कुणी वाचली नाही. ओळंबानं वाचली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दोन वर्षं पुढचं पान नसल्यामुळं, थेट भिंतीवरच तारीख लिहून ठेवली.

आवक म्हणजे आत येणारं आणि जावक म्हणजे बाहेर जाणारं. काम सोपं. खिडकीतून अर्ज आला की त्याला क्रमांक द्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, कुणाकडून, कशाबद्दल, कुठल्या टेबलाकडं, हे वहीत लिहायचं. बाहेर जाणाऱ्या कागदाचंही तसंच, दुसऱ्या वहीत. हे काम ओळंबाच्या अंगाला असं बसलं जसं चौकटीला दार बसतं. दहाला दहा कमी असताना ती येई. वह्या, पट्टी, शिक्का, शाईचं पॅड. पॅडची जागा ठरलेली होती. तिसऱ्या आठवड्यात कुणा कारकुनानं ते पॅड घाईत उचललं, वापरलं आणि उलटं ठेवलं. ओळंबा अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. मग ती सामानाच्या खोलीत गेली आणि मोडक्या खुर्च्या नि झाडू यांच्यामध्ये दहा मिनिटं उभी राहिली. दाराशी शिपाई मावशी उभ्या राहिल्या. जो येईल त्याला त्या सांगत होत्या, "आत सामानाची मोजदाद चालू आहे." दुसऱ्या दिवशी मावशींनीच खडूनं टेबलावर पॅडभोवती चौकोन आखून दिला. तेव्हापासून त्या चौकोनात कुणी बोट घातलं नाही.

ती चुकायचीही. एकदा साहेबांच्या घरून डबा आला. आणणाऱ्या माणसानं तो आवकच्या खिडकीतून आत सरकवला. खिडकीतून आलेल्या वस्तूला क्रमांक नाही हे तिच्या नियमात बसेना. डब्यावर क्रमांकाची चिठ्ठी लागली, तारखेचा शिक्का बसला, आणि विषयाच्या रकान्यात "जेवण, एका माणसाचे" असं लिहून डबा रीतसर मार्गाला लागला. तीन टेबलांवर तीन सह्या होऊन तो साहेबांपुढं पोचला तेव्हा चार वाजले होते. साहेबांनी पोचपावती दिली आणि मग कुठं ते जेवले. पण दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या माणसाला मागच्या दारानं यायला सांगितलं.

मग ते परिपत्रक आलं.

वरच्या कचेरीत कुणीतरी भला माणूस बसला असावा. त्यानं ते मनापासून लिहिलं होतं, आणि घोटाळा तिथंच झाला. मनापासून लिहिलेला कागद हाताळायची त्या नगरपालिकेला सवय नव्हती. स्वमग्न कर्मचाऱ्यांना कसं वागवावं यावर त्यात नऊ कलमं होती. तिसरं कलम सांगत होतं की कर्कश घंटा वाजवू नये. लगेच साहेबांच्या टेबलावरची घंटा काढून घेतली. तेव्हापासून साहेबांना पाणी हवं असलं की ते दाराशी येऊन मावशींकडं नुसते बघत उभे राहात. चौथं कलम असं होतं: अशा कर्मचाऱ्याशी, तसेच त्याच्या कानावर पडेल अशा कोणत्याही संभाषणात, मोघम बोलू नये, काम कोण करणार, काय करणार आणि केव्हा करणार हे स्पष्ट सांगावे. सातवं: अशा कर्मचाऱ्याची भेट अर्धवट संपवू नये, पुढे काय होईल ते सांगूनच निरोप द्यावा. नववं: मोघम बोलणे झाल्यास त्याची नोंद ठेवून दरमहा वर पाठवावी.

सगळ्यांनी वाचल्याची सही केली. वाचलं एकटीनंच.

पहिला 'बघू' एका मंगळवारी सापडला. एक निवृत्त कंपाउंडर आजोबा होते. त्यांच्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा तीन वर्षं बंद होता आणि तीन वर्षं ते अर्ज करत होते. हेडक्लार्कना सगळे नाना म्हणत. आजोबांनी नानांना गाठलं ते नेमकं आवकच्या खिडकीसमोर.

"नाना, माझ्या दिव्याचं काय झालं?"

"बघू," नाना म्हणाले.

ओळंबानं मान वर केली. "कोण बघणार?"

नानांना वाटलं पोरगी गप्पा मारतेय. "बघतील की."

"केव्हा?"

"लवकरच."

ओळंबानं वही ओढली. कचेरीत जे येतं त्याला क्रमांक द्यायचा असतो. तिनं लिहिलं: आवक क्रमांक चारशे अकरा. विषय: बघू. कुणाकडून: हेडक्लार्क. कोण करणार: सांगितले नाही. केव्हा: लवकरच (तारीख नाही). मग शिक्का मारला, ठप्प.

"हे काय?" नानांनी विचारलं.

"तुमचा बघू आत आला. आता तो प्रलंबित आहे."

महिनाअखेर नोंदी वर गेल्या. सातशे तीस होत्या. चारशे दोन 'बघू', एकशे नव्वद 'उद्या या', अठ्ठ्याण्णव 'करतो ना', आणि चाळीस 'साहेब आले की'. वरून आठ दिवसांत उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर आलेलं पाहून साहेबांना आधी वाटलं कुणी वारलं. पत्रात लिहिलं होतं: आपल्याकडील सातशे तीस प्रलंबित प्रकरणे केव्हा निकाली निघणार, ते कळवावे. साहेबांनी पत्र वाचलं, तोंड उघडलं, "बघ" एवढं म्हणाले आणि दोन्ही ओठ मिटून भिंतीकडं पाहू लागले. भिंतीपलीकडं आवकची खिडकी होती.

त्यानंतर त्या कचेरीत जे चाललं ते मी सांगितलं तर लोक म्हणतील, बुवा रंगवून सांगतोय. पण मी वही पाहिली आहे. कारकुनांनी बोलणं सोडलं. कलमात संभाषण म्हटलंय, खाणाखुणा म्हटलेल्या नाहीत, असं नानांनी शोधून काढलं. अर्ज घेऊन माणूस आला की कारकून नुसती मान हलवी, धड 'हो' नाही, धड 'नाही' नाही, आंब्याच्या फांदीसारखी. वहीत नोंद झाली: मान हलवली, दिशा अस्पष्ट. एका कारकुनानं खोकून उत्तर दिलं. नोंद: खोकला, आजारी नाही, विचारून खात्री केली.

आणि लोकांना तर खजिनाच सापडला. कुठल्याही टेबलावर काम अडलं की माणूस म्हणे, "अहो, जरा ताईंसमोर चला की." कारकून म्हणे, "तिथं कशाला? इथंच बोला." "नाही, हवा चांगली आहे तिकडं." बिचारे कारकून शेळीसारखे दोरीला धरून आवकच्या खिडकीकडं नेले जात. तिथं त्यांना कोण, काय, केव्हा हे बोलावं लागे, आणि एकदा बोललं की वहीत तारीख पडे, आणि तारीख पडली की काम करावं लागे. नाना सायकलींच्या छपराखाली बसून कारभार करू लागले. लोकांनी अर्ज दिला, की आवक-जावकची खिडकी सायकलींच्या छपराकडच्या बाजूलाही उघडावी.

आजोबांचा दिवा लागला. ते सांगायला आले.

"ताई, दिवा लागला हो!"

"आता काय अर्ज आहे?"

"अर्ज नाही, बाळ. नुसतं सांगायला आलो."

ओळंबा विचारात पडली. "तोंडी सांगणं आवक करता येत नाही. लेखी असेल तर येईल."

आजोबांनी खिशातल्या कागदावर लिहिलं, "दिवा लागला." तिनं क्रमांक दिला, शिक्का मारला, आणि पोचपावती त्यांच्या हातात ठेवली. आजोबांनी ती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

पण नगरपालिका थकली होती. तिथल्या माणसांचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर उभं होतं, आणि त्याच्याच शेजारी कुणीतरी ओळंबा सोडला होता. नाना वाईट माणूस नव्हते. एकदा त्यांनी आक्काला कचेरीच्या जिन्यात थांबवलं आणि मन मोकळं केलं. "आक्का, तीस वर्षं मी या खुर्चीवर आहे. नाही म्हटलं की समोरचा रडतो. हो म्हटलं की मी अडकतो. देवानं मधे एक शब्द ठेवलाय, माणसाला सावली म्हणून. तुमच्या मुलीनं ती सावली उचलून वहीत घातली. आता मी उन्हात उभा आहे हो."

"मग उन्हात काम करा की," आक्का म्हणाली. गवंड्याची बायको ती. "आमच्या यांनी काय सावलीत भिंती बांधल्या?"

दोन वर्षं भरायला दोन दिवस होते तेव्हा शिपाई मावशी आक्काच्या घरी आल्या. मी तेव्हा गावाहून आक्काकडं आलो होतो. मावशींनी चहा घेतला नाही, म्हणजे बातमी वाईट होती.

"आक्का, शुक्रवारी चार वाजता समिती बसणार. साहेब, नाना आणि बागखात्याच्या बाई. ते नाही म्हणणार नाहीत बघा."

"मग बरं की."

"कुठलं बरं! हो पण म्हणणार नाहीत. नुसतं बघू म्हणणार. शुक्रवारी बघू म्हटलं की साडेपाचला जावकची वही बंद. शनिवारी तारीख उलटली. कुणी काढलं नाही, कुणी ठेवलं नाही, आपोआप संपलं. कुणाच्या हाताला रक्त नाही."

आक्काच्या डोळ्यांपुढं जिन्याची ती खालची पायरी आली असणार. माझ्या तर आलीच. आक्का आता साठीच्या पुढं गेलेली. पायरीवर बसणाऱ्या पोरीला आणखी किती वर्षं वरून हाक मारणार?

ओळंबा तिथंच बसून पट्टी पुसत होती. आक्का म्हणाली, "ऐकलंस ना? काय करायचं गं?"

"ठेवायचं की नाही हे त्यांचं काम आहे," ती म्हणाली. "पण सांगायला पाहिजे."

शुक्रवारी मी आणि आक्का साहेबांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलो. आत काय झालं ते थोडं मावशींनी पाण्याचे पेले नेता-आणता सांगितलं आणि उरलेलं मला ओळंबाच्या वहीतून कळलं. तिच्या वहीत न बोललेला शब्द नसतो.

साहेबांनी गोड आवाजात सुरुवात केली. "काम कसं वाटतं?"

"कुणाला?"

"तुम्हाला."

"आवडतं. सोमवारी दहा ते अकरा आवडत नाही."

बागखात्याच्या बाईंनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?"

"आरशात. आत्ताही तिथंच पाहते."

बाईंनी मान खाली घातली, हसू लपवायला. साहेबांनी कागद जुळवले, घसा साफ केला. "छान. अगदी छान. या तुम्ही. बघू."

ओळंबा उठली नाही. तिनं वही उघडली आणि लिहिलं. "कोण बघणार?"

"आम्ही."

"तिघांपैकी?"

"म्हणजे... समिती."

"केव्हा?"

"योग्य वेळी."

तिनं तेही लिहिलं. मग ती बसून राहिली. हट्टानं नव्हे. तिच्या दृष्टीनं भेट संपलेलीच नव्हती. जिना संपल्याशिवाय माणूस जिन्यातून बाहेर कसा पडणार? साहेबांनी नानांकडं पाहिलं. नानांनी परिपत्रक काढलं, सातवं कलम बोटानं दाखवलं आणि कपाळ पुसलं. अर्धवट संपवता येत नव्हती. पुढं काय होईल ते सांगितल्याशिवाय तिला जा म्हणता येत नव्हतं, आणि तिला जा म्हणता येत नव्हतं तोवर त्यांनाही जाता येत नव्हतं.

पुढचा तासभर त्या तिघांनी भाषेत जेवढे म्हणून आडोसे आहेत तेवढे वापरले. "आम्ही सकारात्मक आहोत." "विचाराधीन ठेवू." "होईल, होईल." "काळजी करू नका." "वरिष्ठांच्या कानावर घालू." प्रत्येकाला क्रमांक मिळाला. मावशी पाणी घेऊन आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आक्का, साहेबांनी कोट काढला." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "बागेच्या बाई खिडकीतून झाडं मोजतायत." तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा नानांनी त्यांचा पदरच धरला. "मावशी, तुम्ही सांगा हो हिला."

"काय सांगू?"

"हेच, की... बघू."

"मला नाही येत तुमचं ते," मावशी म्हणाल्या. "मी चतुर्थ श्रेणीत आहे. मला पाणी आण म्हटलं की आणावं लागतं."

पाच वाजता साहेबांनी वरच्या कचेरीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून आवाज आला, "अहो, तुमच्या पातळीवर बघून घ्या ना."

"कोण बोलतंय?" ओळंबानं विचारलं. "नाव, हुद्दा आणि केव्हापर्यंत?"

फोन बंद झाला. ती लिहू लागली: दूरध्वनी, निनावी. तेव्हा साहेबांचा तोल गेला.

"पुरे! कोण, काय, केव्हा! कोण, काय, केव्हा! अहो, मी नऊ वर्षं बदली मागतोय. माझी बायको-मुलं दुसऱ्या गावात राहतात. तो डबा ती सहा तास गाडीनं पाठवते, कळलं का? नऊ वर्षं मला वरून बघू म्हणतायत. मी कधी कुणाला विचारलं का, कोण बघणार म्हणून?"

ओळंबा लिहायची थांबली. "का नाही विचारलं?"

तिला खरंच कळून घ्यायचं होतं. टोमणा नव्हता, टोमणा मारायला जो वाकडेपणा लागतो तो तिच्या बनावटीतच नाही. वहीत त्या जागी लिहिलंय: साहेबांनी कोट पुन्हा घातला. पंख्याचा आवाज.

मग साहेब हळूच म्हणाले, जणू नवी भाषा बोलून पाहतायत, "कोण... मी. काय... कायम करतो. केव्हा?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता."

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "साहेब, आत्ता म्हणजे?"

"आत्ता म्हणजे आत्ता, नाना!"

पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. साडेपाचला जावकची वही बंद होणार. आणि तेव्हा कळलं, की त्या कचेरीला हो म्हणायची सवयच नाही. टंकलेखन करणारे निघून गेले होते. कायम करण्याच्या आदेशाचा नमुना कुणाला सापडेना. ज्या फायलीत तो असायला हवा तिच्यावर 'बघून ठेवणे' असं लिहिलं होतं. शेवटी नानांनी हातानं लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर, मी स्वतः पाहिलंय, मोत्यासारखं होतं. तीस वर्षं ते अक्षर काही लिहायची वाट पाहत बसलं असावं. साहेबांनी सही केली. बागखात्याच्या बाईंनी केली. मग साहेबांनी कपाटातून 'मंजूर'चा शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. कागद कोराच. पुन्हा दाबला, पुन्हा मारला. काही नाही. ते पॅड सुकून त्याला भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. पाच पंचवीस.

"थुंकी लावू का?" नाना म्हणाले.

ओळंबा उठली. दार उघडून बाहेर आली. आक्का ताडकन उभी राहिली. "काय म्हणाले गं?"

"अजून शिक्का व्हायचाय," असं म्हणून ती सरळ आपल्या टेबलाकडं गेली. खडूच्या चौकोनापुढं उभी राहिली. मी लांबून बघत होतो. दोन वर्षं त्या चौकोनात तिच्याशिवाय कुणाचं बोट गेलं नव्हतं. तिनं तळवे कानांवर नेले, परत खाली आणले. मग पॅड उचललं, दोन्ही हातांत धरून, भरल्या वाटीसारखं, आणि आत नेलं.

"हे घ्या," ती साहेबांना म्हणाली. "परत केव्हा द्याल?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच सव्वीसला."

"कोण देणार?"

"मी."

ठप्प. निळं, ओलं 'मंजूर'. साहेबांनी स्वतः उठून, दालनाबाहेर येऊन, पॅड त्या चौकोनात ठेवलं, सुलटं, कडेला कड जुळवून. मग मागं सरकून त्यांनी विचारलं, "बरोबर?"

"डावीकडं थोडं."

त्यांनी डावीकडं थोडं केलं. ओळंबानं जावकच्या वहीत आपल्याच आदेशाला क्रमांक घातला, शिक्का मारला, एक प्रत फायलीला लावली आणि एक प्रत आपल्यालाच खिडकीतून सरकवून, पलीकडं जाऊन, पोचपावतीवर सही केली. साडेपाच वाजले. तिनं वही मिटली.

आक्का दोन्ही हातांनी बाकाचा कठडा धरून उभी होती. "आता तरी सांग बाई."

"साहेबांनी सांगितलं. कायम केलं. आजपासून," ओळंबा म्हणाली. मग तिनं आईकडं निरखून पाहिलं. "तू रडतेस का? हो म्हणालेत ते."

सोमवारी सकाळी दहा ते अकराच्या, तिला न आवडणाऱ्या गर्दीत, रांगेत शेवटी साहेब उभे होते. हातात एक पाकीट, वरच्या कचेरीला. पत्र एका ओळीचं होतं: माझी बदली कोण करणार आणि केव्हा? ओळंबानं त्याला जावक क्रमांक दिला.

त्याला आता पाच महिने झाले. उत्तर नाही. पण दर शुक्रवारी, वही मिटायच्या आधी, ती प्रलंबित पानावर बोट ठेवते आणि वरच्या कचेरीला फोन लावते. आताशा पलीकडचा माणूस तिचा आवाज ओळखतो. गेल्या शुक्रवारी तो आपणहून म्हणाला, "ताई, माझं नाव लिहून घ्या."